पन्नाशीतल्या जीपला पाचवा गिअर

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तुमचं लक्ष कुठे असतं? लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे, बरोबर? माझं ऑफिस म्हणजे माझंच डायनिंग टेबल, त्यामुळे लॉग-आउट वगैरे काही नसतं. पण शुक्रवारी मलाही पुण्याबाहेर पळायचं असतं. कात्रज ओलांडायचं, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत वैतागायचं, खंबाटकी चढायचा आणि रात्रीच्या जेवणाला साताऱ्याजवळच्या आमच्या गावी बाबांसमोर ताट वाढून घ्यायचं. साधारण एकशे दहा किलोमीटरचा रस्ता. नव्या गाडीला दोन-अडीच तास. आणि आमच्या जीपला? तीन गाणी कमी ऐकू येतील इतका आवाज आणि चार तास!

जीप आजोबांची. १९७४ सालची, पेट्रोलवर चालणारी सीजे-३बी. उंच बॉनेट, पुढे झोपवता येणारी काच, दोन गोल दिवे. विलिस कंपनीनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. आत बसवलेलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं, आणि तोच तिचा चेहरा झाला. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद पडली, पण आपल्याकडे महिंद्रानं तिला पुढेही बरीच वर्षं जिवंत ठेवलं. आजोबांनी तिच्यातून दुधाचे कॅन नेले, खताची पोती नेली, गावातल्या किमान चार नवऱ्या मुली नेल्या. बाबा तिच्यावरच गाडी शिकले. मीसुद्धा.

आई गेल्यावर बाबा गावी एकटेच राहायला लागले. गेल्या वर्षी एकदा फोनवर म्हणाले, "जीपला गिऱ्हाईक आलंय. गोठ्यात उभी राहून गंजतेय नुसती. देऊन टाकतो."

मी म्हटलं, "बाबा, मी नेते पुण्याला."

"नेशील गं. पण आणशील कशी दर महिन्याला? हायवेवर चालवायची गाडी आहे का ती?"

खरं सांगू? बाबांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पहिल्यांदा पुण्याला आणली तेव्हा ६५ च्या वर काटा न्यायची हिंमत झाली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. ट्रकवाले, लक्षात घ्या! घरी पोचले तेव्हा कानात मधमाश्या गुणगुणत होत्या आणि शेजारची काकू काय बोलतेय ते मला तिच्या ओठांवरून ओळखावं लागत होतं.

इंजिन एवढं ओरडतं का?

हा प्रश्न मी गॅरेजवाल्या चाचांना विचारला. चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि जमिनीवर खडूनं आकडे लिहिले. तेव्हापासून माझा फंडा एकदम क्लिअर आहे, आणि तुमचाही दोन मिनिटांत होईल.

जीपला गिअर तीन. तिसऱ्या गिअरमध्ये गिअरबॉक्स काहीच करत नाही, इंजिन जेवढं फिरतं तेवढंच तो मागे पाठवतो. मग डिफरन्शिअलमध्ये ते फिरणं कमी होतं. सीजे-३बीचं हे गुणोत्तर आहे ५.३८. म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाला पाच वेळांहून जास्त फिरावं लागतं. तिच्या सडपातळ १६ इंची रिमवरच्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. आता गुणाकार करा. ताशी ६५ ला इंजिन मिनिटाला सुमारे २६०० फेरे मारतं. ८० ला जवळपास ३२००. आणि १०० ला? चार हजार! या इंजिनाची जी काही ७५ च्या आसपासची हॉर्सपॉवर आहे ती पूर्ण मिळतेच मुळी चार हजारावर. म्हणजे १०० ला बिचारी जीव तोडून धावत असते, तुमच्या बॉसच्या भाषेत 'गिव्हिंग हंड्रेड परसेंट'.

यात जीपची काही चूक नाही हं. तिला नांगर ओढायला, चिखलातून निघायला, ओढ्यातून जायला बनवलं. १९७४ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर सहा लेन नव्हत्या आणि दर महिन्याला वीकेंडला घरी जाणारी मुलगीही नव्हती.

तीन रस्ते, एक निवड

हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करायचे तर उपाय मोजून तीन. पहिला, डिफरन्शिअलचं गुणोत्तर बदलायचं. ऐकायला सोपं. पण फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ एकाच गुणोत्तराचे लागतात. एकच बदललात आणि फोर व्हील लावलंत की पुढची चाकं एक सांगणार, मागची दुसरं, आणि मधल्या मध्ये ट्रान्सफर केसचा जीव जाणार. शिवाय जीपची खरी ताकद, म्हणजे हळूहळू चढायची ताकद, कमी होते. तिचा हिशेबही चाचांनी मांडला. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि डिफ ५.३८. तिघांचा गुणाकार ३७. इंजिन ३७ वेळा फिरलं की चाक एकदा, म्हणूनच ती चिखलातून रांगत वर येते. डिफ ४.२७ चा टाकला तर हाच आकडा २९ वर येतो. हायवे मिळाला, पण शेत गेलं.

दुसरा उपाय, मोठे टायर. दिसतात भन्नाट, फोटोला तर जाम लाइक्स. पण फेऱ्यांमध्ये फरक थोडासाच, स्टिअरिंग जड, आणि त्यात स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. तुम्ही ७० समजून ७६ नं चाललेले असता.

तिसरा उपाय, गिअरबॉक्सच बदलायचा. तीन गिअरच्या जागी पाच गिअरचा. यात चौथा गिअर जुन्या तिसऱ्यासारखा, आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह. समजा त्याचं गुणोत्तर ०.८ आहे. मग ८० ला इंजिन ३२०० ऐवजी २५५० वर येतं. म्हणजे पूर्वी ६५ ला जो आवाज होता तोच आता ८० ला! आणि गंमत बघा, पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जुन्यापेक्षा जास्त ताकदीचा असतो. तो ३.७ धरला तर मघाचा ३७ चा आकडा ४९ वर जातो. हायवेला शांत आणि चिखलात आणखी दमदार. एका दगडात दोन्ही पक्षी. (अमेरिकेत अशा जीपना ट्रान्सफर केसच्या मागे बसणारं वेगळं ओव्हरड्राइव्ह युनिट लावायची पद्धत आहे. पण आपल्याकडे ते शोधण्यापेक्षा पाच गिअरचा गिअरबॉक्स शोधणं सोपं.)

मी तिथेच ठरवून टाकलं. चाचा म्हणाले, "थांब पोरी. आधी तिला थांबायला शिकव. मग पळायला."

आधी ब्रेक, मग गिअर

इथे माझं आणि चाचांचं पहिलं भांडण झालं. मला गिअरबॉक्स हवा होता, त्यांना माझे पैसे ब्रेकवर खर्च करायचे होते. मला वाटलं, झालं, गॅरेजवाल्यांचं नेहमीचंच, एक काम सांगायला जावं तर चार निघतात. मग त्यांनी परत खडू उचलला. वेग ६० चा ८० झाला तर गाडी थांबवण्यासाठी ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळपास पावणेदोन पट होते. १०० ला पावणेतीन पट. आणि आमच्या जीपला चारही चाकांना छोटे ड्रम ब्रेक, वर एकच सर्किट. म्हणजे एका चाकाजवळचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

मी गप्प बसले. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा आला, चारही व्हील सिलिंडर नवे, लायनर नवे, रबरी पाइप नवे. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट बदलले. पाट्यांचे बुश बदलले. माझं एका महिन्याचं मानधन इथेच संपलं आणि गिअरबॉक्सला अजून कोणी हातही लावला नव्हता!

बाबांना फोनवर सांगितलं. ते ब्रेकवर काही बोलले नाहीत. गिअरबॉक्सचं ऐकल्यावर मात्र म्हणाले, "आजोबांनी पन्नास वर्षं तीनच गिअरवर काढली."

"बाबा, आजोबा तिला पुण्याला आणत नव्हते."

"मग ती आजोबांची जीप राहील का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, बघू.

खरा खेळ सुरू

गिअरबॉक्स मिळवणं हा वेगळाच एपिसोड. तीन रविवार भंगारवाल्यांकडे फिरले. पहिल्यानं दाखवलेला चकाचक होता, पण टू व्हील ड्राइव्ह गाडीतून काढलेला. त्याची शेपटी वेगळी असते, तिला ट्रान्सफर केस जोडता येत नाही. तेव्हा हा धडा वहीत लिहून ठेवा: गिअरबॉक्स फोर बाय फोर गाडीतून उतरवलेलाच घ्यायचा, आणि त्याच्यामागच्या शाफ्टचे दात आपल्या ट्रान्सफर केसच्या आतल्या गिअरशी जुळतात का ते विकत घेण्याआधी बघायचं. वरचं झाकण उघडून दात तुटलेत का, तेलात चमचमणारा धातूचा चुरा आहे का, सगळे गिअर हातानं पडतात का, हेही तिथेच.

मग बसवणं. जुन्या जीपमध्ये इंजिन, त्याला चिकटून गिअरबॉक्स, आणि त्याला चिकटून ट्रान्सफर केस अशी आगगाडी असते. ट्रान्सफर केसमधून एक प्रॉपेलर शाफ्ट पुढे, एक मागे. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब. म्हणजे ट्रान्सफर केस मागे सरकला. त्यामुळे मागचा शाफ्ट कापून छोटा, पुढचा जोडून मोठा. खालचा आडवा सपोर्ट नवा. गिअर लिव्हरसाठी फ्लोअरमधलं भोक पुढे-मागे. हँडब्रेक या जीपमध्ये चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो, म्हणून त्याची केबलही वेगळी. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधूनच निघते, त्यामुळे तेवढं एक टेन्शन वाचलं.

पुढच्या बाजूला इंजिनाशी जुळवायला लेथवाल्याकडून जाड ॲडॉप्टर प्लेट करून घेतली. क्लच प्लेट अशी लागते की तिचं भोक नव्या शाफ्टच्या खाचांना जुळेल आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलला. फ्लायव्हीलच्या मधला छोटा बुशही नव्या शाफ्टच्या मापाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती प्लेट इंजिनाच्या शाफ्टच्या बरोब्बर मध्यावर बसली पाहिजे. चाचांनी डायल गेज लावून अर्धा दिवस घालवला. मी विचारलं, "एवढं काय बारीक बघायचं?" म्हणाले, "केसभर तिरकी बसली तर आज कळणार नाही. सहा महिन्यांनी गिअर आपोआप सुटायला लागेल, आणि तो हायवेवरच सुटेल."

मी मात्र घाई केलीच. गणपतीला गावी जायचं होतं. शाफ्ट बॅलन्स करून घ्यायला चाचांना दोन दिवस हवे होते, मी म्हटलं नंतर करू. कात्रजच्या पुढे ७० वर गेले आणि सीटखालची जमीन थरथरायला लागली. ६० ला बंद, ७० ला पुन्हा सुरू. आरशात मागची गाडी दिसेना, नुसती धूसर रेघ. मी इंडिकेटर दिला, डावीकडच्या लेनमध्ये आले आणि पन्नासनं मुकाट्यानं पुण्याला परतले. गणपतीला एसटीनं गेले. बाबा स्टँडवर घ्यायला आले. जीप कुठेय असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

कारण साधं होतं. या जीपचा व्हीलबेस अवघा ८० इंच. मागचा शाफ्ट आधीच आखूड, तो आणखी आखूड झाला आणि त्याचा उतार वाढला. दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे नसतील तर शाफ्ट फिरताना एका फेरीत दोनदा झटका देतो. हळू चालवताना कळत नाही, वेगात दात वाजवतो. चाचांनी मागच्या पाट्यांखाली पाचराच्या आकाराच्या शिम टाकल्या, ट्रान्सफर केस आणि डिफचं तोंड एकमेकांना समांतर आणलं, शाफ्ट बॅलन्स करून आणला. थरथर गायब. बोलले काहीच नाहीत. फक्त चहाचे पैसे मला द्यायला लावले.

पुन्हा त्याच रस्त्याला

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी निघाले. सपाट काचेवर फास्टॅग, शेजारच्या सीटवर फराळाचा डबा. खेड शिवापूरनंतर रस्ता मोकळा झाला, चौथ्यातून पाचव्यात टाकला आणि... शांतता! म्हणजे जीपच्या मानानं शांतता. ताडपत्रीची फडफड, टायरची घरघर आणि त्याखाली इंजिनाचा खालच्या पट्टीतला सूर. काटा ७५ ते ८० मध्ये. ट्रकवाल्यांनी हॉर्न मारले नाहीत, एकानं तर हात केला.

शंभरला नेली का? नाही. आणि तुम्हीही नेऊ नका. गिअरबॉक्स बदलला म्हणून पाट्यांची, उंच, आखूड जीप सेडान होत नाही. पाचवा गिअर वेग वाढवण्यासाठी नसतो, त्याच वेगाला इंजिनाला श्वास घ्यायला देण्यासाठी असतो. चढाला तर तो उपयोगाचाच नाही, चाकाकडे जाणारी ताकद त्यात कमी होते. खंबाटकीला मी चौथा, मग तिसरा असा खाली येत गेले आणि डावी लेन सोडली नाही.

बाबा फाटकात उभे होते. म्हणाले, "आण इकडं किल्ली." आम्ही गावाबाहेरच्या सडकेला लागलो. बाबा अजूनही पहिल्यात टाकताना क्लच दोनदा दाबतात, कारण जुन्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. नव्याला त्याची गरज नाही असं मी सांगितलं नाही. पाचवा त्यांनी एकदाच टाकला, ऐकलं आणि परत चौथ्यात आले. मग एक म्हैस आडवी आली. बाबांनी ब्रेक दाबला, जीप सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ब्रेक कुणी केले?"

"चाचांनी."

"माणूस जाणता आहे," बाबा म्हणाले.

आणि आजोबांच्या जीपचं काय? मी चेसिस कुठेही कापली नाही, सगळं नटबोल्टवर आहे. जुना तीन गिअरचा गिअरबॉक्स धुऊन, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून गावच्या माळ्यावर ठेवलाय. त्याचे बोल्ट, जुने शाफ्ट आणि मधला सपोर्ट वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येकावर चिठ्ठी. हव्या त्या दिवशी ती परत १९७४ ची होऊ शकते. बाबांनी डबे मोजले आणि माळ्याची शिडी काढून घेतली. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं ते मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून समजलं.

तुम्हालाही करायचंय? मग हे वाचा

* कागद आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. इंजिन किंवा बॉडी बदलायची तर आरटीओची परवानगी हवीच. गिअरबॉक्सचं कामही आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारूनच हातात घ्या.
* गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर फेरनोंदणीची तारीख बघा. ती दर पाच वर्षांनी येते.
* बजेटचे दोन भाग करा. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग आधी खर्च करा. उरले तर गिअरबॉक्स.
* पितळी सिंक्रो रिंगच्या गिअरबॉक्सला सहसा जीएल-४ तेल लागतं. दुकानदार देईल ते ओतू नका.
* पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, तेलाची पातळी बघा, गाडीखाली पुठ्ठा टाकून गळती शोधा.
* आणि मेकॅनिक दोन दिवस मागत असेल तर द्या. एसटीचं तिकीट काढावं लागत नाही.

चला, शुक्रवार आहे. मला निघायला हवं. बाबांनी आज पिठलं-भाकरी करून ठेवतो असं सांगितलंय, आणि जीपच्या जुन्या वेळेनुसार ते चार तास धरून चाललेत. यावेळी भाकरी तव्यावर असतानाच पोचेन म्हणते.